पोरांच्या रेक सॉकर टीमचं व्हॉलंटिअर कोच व्हायचंय? अमेरिकेतल्या मराठी आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

दर ऑगस्टला रेक लीगचं ईमेल येतं, यू-८ च्या (म्हणजे अंडर-८, आठ वर्षांखालच्या पोरांच्या) इतक्या टीमना अजून कोच नाही, कोणी पुढे आलं नाही तर टीम होणार नाही, आणि लगेच आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तेच प्रश्न सुरू होतात. मी न्यू जर्सीत आमच्या टाउनशिपच्या लीगमध्ये पोरांना सॉकर शिकवते. पैसे मिळत नाहीत, टी-शर्ट मिळतो. दरवेळी वेगळं टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलेलं बरं. नियम गावागणिक थोडेफार बदलतात, तेव्हा तुमच्या लीगचं हँडबुक एकदा तरी वाचाच.

रेक लीग म्हणजे नक्की काय? ट्रॅव्हल टीमपेक्षा वेगळं काय असतं?

रेकमध्ये ट्रायआउट नसते. नाव नोंदवलं, फी भरली, पोरगं टीममध्ये. कुठे टाउनशिपचं रिक्रिएशन डिपार्टमेंट चालवतं, कुठे वायएमसीए, कुठे एवायएसओ. ही एवायएसओ १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टॉरन्समध्ये सुरू झाली आणि त्यांचा पहिला नियमच असा की प्रत्येक मूल प्रत्येक मॅचमध्ये किमान अर्धा वेळ खेळणार, मग ते कितीही ढ असो. बेसबॉलच्या लिटल लीगमध्येही प्रत्येकाला खेळवण्याचा नियम आहे. ट्रॅव्हल किंवा क्लब टीमला ट्रायआउट असते, कोच बहुतेक पगारी असतो, फी हजारांत जाते आणि वीकेंड गाडीत जातो. रेकमध्ये कोच म्हणजे कुणाचे तरी आई नाहीतर बाबा. म्हणूनच ते ईमेल तुम्हाला येतं.

मी जन्मात सॉकर खेळले नाहीये. चालेल का?

चालेल. खरं सांगू का, यू-६ आणि यू-८ ला सॉकर येणाऱ्यापेक्षा न येणारी व्यक्ती कधीकधी बरी पडते, कारण ज्याला सॉकर येतं तो सहा वर्षांच्या पोरांना पोझिशन समजावत बसतो आणि पोरं तोवर गवत उपटत बसतात. या वयात कोचचं मुख्य काम एकच, प्रत्येक पोराच्या पायाशी चेंडू राहील आणि कोणी रांगेत उभं राहणार नाही हे बघणं. बाराजणांची रांग, एक चेंडू आणि एकेकाने येऊन गोलवर मारायचा, हा प्रकार दिसायला फार शिस्तीचा दिसतो पण हिशोब करून बघा, तासाभरात एकेका पोराला जेमतेम पाच-सात किक मिळतात, बाकी वेळ पुढच्याला ढकलण्यात जातो.

आणि आपल्याकडे त्यासाठी लागणारा माल लहानपणापासून आहे. विषामृत घ्या. सगळ्यांकडे चेंडू, दोघं विष देणारे, ज्याला विष मिळालं त्याने चेंडू डोक्यावर धरून पाय फाकवून उभं राहायचं, आणि दुसऱ्या कोणी त्याच्या पायांमधून चेंडू काढला की अमृत. यात ड्रिबलिंग झालं, मान वर करून बघणं झालं, पासही झाला, आणि पोरांना वाटतं आपण नुसतं खेळतोय. डोंगर-पाणीचंही तसंच, पाणी म्हटलं की चेंडू घेऊन पळायचं आणि डोंगर म्हटलं की चेंडूवर तळवा ठेवून जागच्या जागी थांबायचं. आमच्या टीमची अमेरिकन पोरं 'डाँगर, डाँगर' ओरडत असतात. वॉर्मअपला साखळी आणि लंगडी. लंगडी तर एका पायावर तोल सांभाळायला इतकी भारी आहे की दुसरं काही शोधायची गरजच नाही.

यू-१० च्या पुढे मात्र थोडा अभ्यास करावा लागतो. यूएस सॉकर या सॉकरच्या राष्ट्रीय संघटनेच्या ऑनलाइन लर्निंग सेंटरवर सुरुवातीचा ग्रासरूट्स मॉड्यूल फुकट आहे, आणि पुढे फोर-व्ही-फोर (चारास चार), सेव्हन-व्ही-सेव्हन, नाइन-व्ही-नाइन असे वयाप्रमाणे कोर्सेस आहेत. ज्या वयाची टीम मिळालीय तेवढा करा.

मला क्रिकेट येतं, त्याचा काही उपयोग?

सॉकरला फारसा नाही. बेसबॉल किंवा सॉफ्टबॉलच्या असिस्टंटला मात्र नक्की, कारण उंच कॅच कसा पकडायचा आणि चेंडूमागे कसं जायचं हे तुम्हाला येतं. फक्त पिचिंगच्या भानगडीत लगेच पडू नका, तिथे कोपर वाकवूनच टाकतात आणि खांद्या-कोपराची दुखापत हा मोठा विषय आहे. लिटल लीगमध्ये पोराने दिवसाला किती चेंडू टाकायचे याला वयाप्रमाणे मर्यादा आहे, ७-८ वर्षांना ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, आणि ते कोणीतरी मोजत बसावं लागतं. स्कोअर लिहायची सवय असलेला मराठी बाबा या कामाला एकदम फिट.

आठवड्याला किती वेळ जातो?

लहान गटाला एक प्रॅक्टिस, एक मॅच. म्हणजे मैदानावर दोन-अडीच तास. पण त्याच्या आधीमागे ईमेल, "आज प्रॅक्टिस आहे का", कोन आणि चेंडू गाडीत भरणं, कोण येणार नाही त्याचा हिशोब, असं धरून चार तास तरी धरा. यू-१० पासून आठवड्याला दोन प्रॅक्टिस होतात. फॉलचा सीझन सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. इकडे ऑक्टोबरच्या शेवटी सहाच्या सुमारास अंधार होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे गेलं की पाचच्या आत, तेव्हा लाइट असलेलं ग्राउंड मिळालं नसेल तर ऑफिसमधून चारला निघायला लागतं, हे मॅनेजरला आधीच सांगून ठेवा.

बॅकग्राउंड चेक आणि ट्रेनिंगचं काय काय करावं लागतं?

बॅकग्राउंड चेक सगळीकडे असतो. ऑनलाइन फॉर्म भरायचा, बाकी लीग बघते. कॅलिफोर्नियात एबी ५०६ नावाचा कायदा २०२२ पासून लागू आहे, त्यात जो व्हॉलंटिअर महिन्याला १६ तासांपेक्षा किंवा वर्षाला ३२ तासांपेक्षा जास्त मुलांबरोबर असतो त्याला लाइव्ह स्कॅनवर बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि मुलांवरचे अत्याचार ओळखून कळवण्याचं ट्रेनिंगही करावं लागतं. काही लोकांना याचा राग येतो, "आम्ही काय गुन्हेगार आहोत का" वगैरे. मला उलट वाटतं. माझं पोर दुसऱ्या कोणाच्या टीममध्ये असेल तेव्हा त्या कोचने हे केलेलं असावं असंच मला वाटणार ना.

मग सेफस्पोर्ट, म्हणजे खेळात मुलांवर होणारे अत्याचार रोखण्याचं ट्रेनिंग. तुमची लीग यूएस सॉकरच्या छत्राखाली येत असेल तर हा ऑनलाइन कोर्स लागतो, पहिल्यांदा साधारण दीड तास आणि मग दरवर्षी छोटा रिफ्रेशर. २०१८ मध्ये आलेल्या केंद्रीय कायद्यामुळे मुलाच्या बाबतीत काही गैर घडल्याचा संशय आला तर २४ तासांच्या आत कळवणं मोठ्या माणसावर बंधनकारक झालंय, "बघू, लीगच्या प्रेसिडेंटच्या कानावर घालू" असं करून भागत नाही. कोर्समधले काही व्हिडिओ बघताना जड जातं, रात्री एकट्याने बघण्यापेक्षा दुपारी उरकून घ्या.

सीडीसीचं हेड्स अप हे डोक्याच्या दुखापतीवरचं ट्रेनिंगही फुकट आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

न्यू जर्सीवाल्यांसाठी अजून एक. इथे रटगर्स युनिव्हर्सिटीचं सेफ्टी क्लिनिक, म्हणजे कोचसाठी वर्ग, असतं, तीन तासांचं. हे कंटाळवाणं वाटलं तरी चुकवू नका, कारण आपल्या राज्यात १९८६ पासून असा कायदा आहे की व्हॉलंटिअर कोचने हे असं सेफ्टी ट्रेनिंग केलेलं असेल तर साध्या चुकीवरून त्याच्यावर दावा लावता येत नाही. देशपातळीवर १९९७ चा व्हॉलंटिअर प्रोटेक्शन ॲक्ट आहेच. पण हे संरक्षण निव्वळ बेफिकिरीला नाही, आणि गाडी चालवताना काही झालं तर त्यालाही नाही.

मग प्रॅक्टिसनंतर एखाद्या पोराला घरी सोडलं तर?

एकट्याला नको. एक तर वर सांगितलेलं गाडीचं, आणि दुसरं म्हणजे सेफस्पोर्टच्या नियमात मोठं माणूस आणि एक मूल असं दोघंच बंद जागी असू नये असं धरलेलं आहे, काही बोलायचं तर दुसऱ्यांना दिसेल अशा जागी. भारतात आपण शेजारच्या पोराला सहज स्कूटरवर घालून आणायचो, तो हिशोब इथे डोक्यातून काढा. कोणाचे पालक उशिरा आले तर असिस्टंट कोचला थांबवून घ्या किंवा दुसऱ्या एका कुटुंबाला म्हणा की पाच मिनिटं थांबा. सारखा उशीर करणारं एक घर प्रत्येक टीममध्ये असतंच.

एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर हे चालतं का?

बिनपगारी, ना-नफा संस्थेत आणि जे काम सगळे व्हॉलंटिअर म्हणूनच करतात असं काम असेल तर सहसा अडचण नसते, रेक कोचिंग त्यातच येतं. मात्र लीग "छोटंसं मानधन" देत असेल तर घेऊ नका आणि तुमच्या इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बॅकग्राउंड चेकचा फॉर्म सोशल सिक्युरिटी नंबर मागतो, एच-फोरवर बऱ्याच जणींकडे तो नसतो, तेव्हा तिथेच अडकून सोडून देण्यापेक्षा लीगच्या रजिस्ट्रारला (नोंदणी बघणाऱ्याला) सरळ ईमेल करा. मी ओळखते अशा दोघी-तिघी एच-फोरवर असताना कोच झाल्या आणि गावात त्यांना ओळखणारी माणसं त्यातूनच झाली.

पहिल्या प्रॅक्टिसला काय करू? पोटात गोळा आलाय.

पोरांच्या दहा मिनिटं आधी पोचा आणि कोन लावून ठेवा. पोरं समोर असताना कोन लावत बसलात तर गेलं, तोवर दोघांची मारामारी झालेली असते. पहिलं पोर आलं की त्याला लगेच चेंडू द्या, दुसरं आलं की एकास एक, चार झाली की दोनास दोन. सगळे येईपर्यंत मॅच चालूच असते आणि उशिरा येणाऱ्याला वाटतं अरे आपण काहीतरी चुकवलं, पुढच्या वेळी ते आईला लवकर चल म्हणतं. यूएस सॉकरची पद्धतही हीच आहे, आधी खेळ, मग मधे एका गोष्टीचा सराव, मग परत खेळ.

मधल्या भागात एकच गोष्ट घ्या. आज पायाच्या आतल्या बाजूने पास, बस. बोलणं तीस सेकंदांच्या वर गेलं की थांबा. सूर्याकडे तोंड तुमचं ठेवा, पोरांचं नाही, नाहीतर ती डोळे मिचकावत दुसरीकडेच बघतात. आणि मैदानाला चकरा मारायची शिक्षा देऊ नका, पळणं ही शिक्षा आहे हे एकदा त्यांच्या डोक्यात बसलं तर पुढचा सगळा सीझन ओढत न्यावा लागतो.

चेंडू वयाप्रमाणे, यू-८ पर्यंत तीन नंबर, यू-१२ पर्यंत चार, पुढे पाच. भावाचा पाच नंबरचा चेंडू घेऊन आलेलं एक पोर असतंच, तुमच्याकडे एखादा जास्तीचा तीन नंबर ठेवा.

मॅचचे नियम किती पाठ करावे लागतात?

लहान गटात फार थोडे. यू-६ ते यू-८ ला चारास चार, गोलकीपर नाही, ऑफसाइड नाही. सगळी पोरं साखरेला मुंग्या लागाव्यात तशी चेंडूभोवती गोळा होतात आणि पालक बाहेरून "पसरा, पसरा" ओरडतात. पसरत नाहीत. त्या वयात पसरणारही नाहीत, सोडून द्या. यू-१० ला सातास सात, गोलकीपर आला, आणि बिल्ड-आउट लाइन नावाची एक रेघ येते, गोलकीपरच्या हातात चेंडू असताना समोरच्या टीमने त्या रेघेमागे जायचं. यू-१२ ला नवास नऊ आणि मग अकरा. हे आकडे २०१७ पासून देशभर एकसारखे केलेले आहेत.

वयोगटाची तारीख मात्र नीट बघा. मधली काही वर्षं जन्मतारीख जानेवारी ते डिसेंबर अशी धरत होते, २०२६-२७ च्या सीझनपासून यूएस यूथ सॉकर आणि एवायएसओ १ ऑगस्ट ते ३१ जुलै धरणार आहेत, त्यामुळे "माझ्या मुलीच्या मैत्रिणी वेगळ्या टीममध्ये का गेल्या" हा प्रश्न येईल, तो कोचचा विषय नाही, रजिस्ट्रारकडे पाठवा.

कोणाच्या डोक्याला लागलं तर?

हे गंमतीत घेऊ नका. आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली असते, "काही नाही झालं, ऊठ, शूर ना तू". गुडघा खरचटला तर ठीक आहे, डोक्याला लागलं असेल तर अजिबात नाही. पोर भांबावल्यासारखं दिसतंय, स्कोअर आठवत नाही, डोकं दुखतंय म्हणतंय, मळमळतंय, उजेड सहन होत नाहीये, यातलं काहीही असलं की त्या दिवसाचा खेळ संपला. तुम्हाला खात्री नसली तरी संपला. परत यायचं तर डॉक्टरांचं लेखी पत्र आणायचं. वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट नावाचा शाळकरी मुलगा डोक्याला लागल्यावर परत मॅचमध्ये गेला आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली, त्याच्या नावाने २००९ मध्ये तिथे कायदा झाला आणि मग पाच-सहा वर्षांत सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. एखादे बाबा तुमच्याशी वाद घालतील की सेमीफायनल आहे. घालू देत.

यू-११ आणि त्याखालच्या गटांत हेडिंग (डोक्याने चेंडू मारणं) बंदच आहे, प्रॅक्टिसलाही नाही.

हातात राखी आहे, कानात सोन्याचे डूल आहेत, चालेल का?

डूल नाही चालणार. सॉकरमध्ये कुठलाही दागिना चालत नाही आणि वर टेप लावलेलीही चालत नाही. नुकतेच कान टोचलेत, काढले तर भोक बुजेल, हे रेफ्रीला सांगून उपयोग नाही, तेव्हा कान टोचायचेच असतील तर नोव्हेंबरमध्ये सीझन संपल्यावर टोचा. राखी आणि काळा दोरा रेफ्रीवर आहे, बरेचसे काढायला लावतात. पोर रडायला लागतं, म्हणून घरूनच समजावून आणलेलं बरं. शिनगार्ड (नडगीवरचं पॅड) नसेल तर मैदानातच घेत नाहीत, आणि मोजे शिनगार्डच्या वरून ओढायचे.

स्नॅकचं काय असतं?

मॅचनंतर एकेक कुटुंब आळीपाळीने स्नॅक आणतं, साइनअप शीट टीम पेरेंटला करायला सांगा, तुम्ही करू नका. सीझन सुरू व्हायच्या आधी ॲलर्जीचं विचारून घ्या आणि एपिपेन (ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) असेल तर तो कोणाजवळ असतो तेही. आजी-आजोबा भारतातून आलेले असतात, मैदानावर खुर्ची टाकून बसतात, आणि आजी प्रेमाने सगळ्यांसाठी दाण्याचे लाडू नाहीतर चिक्की घेऊन येतात. तिथे कोचलाच उठून सांगावं लागतं की आजी, आत्ता नको, एका मुलाला शेंगदाण्याने त्रास होतो. आजींना वाईट वाटतं. त्यांना संत्र्याच्या फोडी वाटायचं काम द्या, हाफटाइमला त्यांच्याभोवती सगळी टीम जमते.

बाहेरून ओरडणाऱ्या पालकांना कसं आवरायचं?

सीझनच्या आधी एक ईमेल, छोटं. सगळ्यांना सारखा वेळ खेळवणार, पोझिशन बदलत राहणार, बाहेरून टाळ्या वाजवा पण सूचना देऊ नका, रेफ्रीशी फक्त कोच बोलणार. रेफ्री बऱ्याचदा तेरा-चौदा वर्षांचं पोर असतं, पहिल्यांदाच शिट्टी हातात घेतलेलं, त्याच्यावर चाळिशीचा माणूस ओरडताना बघणं फार वाईट दिसतं. आपली मंडळी यात मागे नाहीत. "अरे मार ना, काय बघतोस" हे मराठीत ओरडलं की कोणाला कळत नाही असा एक गैरसमज आहे, सूर सगळ्यांना कळतो. एकदा गोड बोलून सांगा, दुसऱ्यांदा लाइन्समनचं किंवा गोलामागचे चेंडू आणायचं काम द्या. तरीही नाही ऐकलं तर लीगला कळवा, ते तुमचं भांडण नाही.

सारखा वेळ द्यायचा तर कोण कधी बाहेर बसणार ते आदल्या रात्रीच फोनमध्ये लिहून ठेवा. मॅच चालू असताना डोक्यातून हिशोब केला की शांत पोरं हमखास बाहेर राहतात आणि हात वर करून "कोच, मी, मी" करणारी आत.

माझंच पोर माझ्या टीममध्ये. ते ऐकत नाही.

सगळ्यांचं हेच. दुसऱ्याची पोरं शहाण्यासारखी वागतात आणि आपलं चेंडूवर बसून राहतं. एक उपाय म्हणजे त्याच्यापुरत्या सूचना असिस्टंट कोचकडून द्यायच्या. दुसरं, गाडीत बसल्यावर मॅचचा विषय काढायचा नाही, त्याने काढला तर बोला. आमच्याकडे मैदानावर "आई" चालतं, "कोच"चा आग्रह मी धरत नाही. बाकीची मराठी पोरं मला कोच काकू म्हणतात आणि त्यांचं बघून दोन चिनी पोरंही काकू म्हणायला लागलीत.

टीममध्ये निम्मी पोरं मराठी आहेत, मराठीत बोलू का?

खेळांची नावं मराठीत असू देत, पण सूचना सगळ्यांना कळेल अशा भाषेत. चार पोरांना कळलं आणि चार तोंडाकडे बघत राहिली असं झालं की त्यांच्या आईबाबांना वाटतं इथे आपलं कोणी नाही. बाजूला उभं राहून एखाद्या रडणाऱ्या पोराची समजूत काढताना मराठीच येते तोंडात, ते ठीक आहे.

समोरची टीम फारच कच्ची असेल, दहा-शून्य होत असेल तर?

पाच गोलांच्या फरकावर काहीतरी करा. गोल करणाऱ्यांना मागे आणा, डाव्या पायानेच मारायचं असं सांगा, समोरच्यांना एक खेळाडू जास्त घेऊ द्या. बऱ्याच लीगमध्ये यू-८ पर्यंत स्कोअर लिहितच नाहीत, पोरं मात्र मनातल्या मनात मोजतातच.

पाऊस, विजा, धूर?

नुसत्या पावसात खेळतात. ढग गडगडले की लगेच सगळे गाड्यांमध्ये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, मधे परत गडगडलं तर तीस परत पहिल्यापासून. वणव्याच्या दिवसांत एक्यूआय (हवा किती खराब आहे त्याचा आकडा) बघा, बऱ्याच लीग १५० च्या वर गेला की रद्द करतात.

शनिवारी सकाळी आठची मॅच आणि शुक्रवारी रात्री गरबा. गणपती, दिवाळीचं काय?

फॉल सीझन आणि आपले सगळे सण एकाच वेळी येतात, त्याला इलाज नाही. शेड्युल करणाऱ्याला जुलैतच तारखा कळवा, ऐकलं तर ऐकलं. नवरात्रात अर्धी टीम पेंगत येते, त्या दिवशी जे आठजण आले त्यांच्यावर खेळायचं.

खिशातून किती जातात?

चेंडू, कोन, पिनी (टीम वेगळी ओळखायला शर्टावरून घालायचं बिनबाह्यांचं जाकीट), फर्स्ट एड किट लीग देते. शिट्टी, बर्फाचे पॅक, सीझनच्या शेवटच्या पिझ्झाला थोडेफार जातात. टॅक्समध्ये आयटमाइझ करत असाल आणि लीग ना-नफा म्हणून नोंदलेली असेल तर जाण्यायेण्याचे मैलाला १४ सेंट धरता येतात. काही कंपन्या तुमच्या व्हॉलंटिअर तासांमागे संस्थेला पैसे देतात, एचआरला विचारा, लीगला त्यातून नवीन गोलच्या जाळ्या घेता येतात.

हेड कोच नको वाटतंय. असिस्टंट म्हणून सुरुवात केली तर?

उत्तम. पोराचं रजिस्ट्रेशन करताना फॉर्मवर चौकोन असतो तिथे असिस्टंट निवडा, आणि शेरा लिहायच्या जागेत कोणाबरोबर काम करायला आवडेल ते नाव टाका. एकच लक्षात ठेवा, बॅकग्राउंड चेक आणि सेफस्पोर्ट असिस्टंटलाही लागतं, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय मैदानात पाऊल टाकू देत नाहीत, तेव्हा ऑगस्टच्या मध्यापर्यंत उरकून टाका. कधीकधी बॅकग्राउंड चेकला दोन आठवडेही लागतात.